आतोबांच्या खोलीतली हवा

खलिफा सिटी, अबू धाबी
६ ऑक्टोबर २०२४

चि. नीरव यास आत्याचे आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, या वेळी त्यात वाढ नाही.

तुझं खोकं काल पोचलं. फोन न करता ईमेल लिहितेय, कारण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करत निसटतोस. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. आणि ते मराठीत दे. तू दुबईत वाढलास हे कारण मला सांगू नकोस. दर शनिवारी तुला बाराखडी घोटवणारी मीच होते.

तर यंत्र. नाव काय, तर 'श्वासा'. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं आणि मग खालची झाकणी उघडून आत डोकावले. आत तीच कापसाची वात, तीच तापणारी तार, तोच गुळमट द्राव. तीन वर्षं तू लोकांना वेप, म्हणजे त्या विजेवरच्या सिगारेटी, विकल्यास, तेव्हा निदान ज्याला हौस तोच ओढायचा. आता तू तीच नळी अख्ख्या खोलीच्या तोंडात दिली आहेस आणि तिला म्हणतोस हवाशुद्धी. वर एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल. म्हणजे धूर सोडणारा आणि धूर पकडणारा एकाच डब्यात राहतात. छान संसार आहे.

मी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं धूळ मोजली, हे तुझ्या कंपनीत कोणाला सांगितलं नसशील अशी आशा आहे.

गंमत पुरे. तुझ्या आतोबांची फुप्फुसं तीस वर्षं जहाजांचा गंज खरवडताना गेली, हे तुला माहीत आहे. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: आणखी एक मोठा झटका आला, तर उरलेलं आयुष्य नाकात ऑक्सिजनची नळी. सध्या शनिवारी सकाळी मैदानावर कॉलनीतल्या मुलांच्या क्रिकेटला पंच म्हणून उभे राहतात, तेवढाच त्यांचा आनंद. तो मला टिकवायचा आहे. असलं खेळणं त्यांच्या उशाशी ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. पण हे म्हणतात, "भाच्याने केलंय, लाव." लावलंय.

तुझी आत्या,
उर्मिला


दुबई मरीना
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

मनापासून नमस्कार. शुद्धलेखन तपासू नकोस, प्लीज.

तू आत डोकावशील हे मी टीमला आधीच सांगितलं होतं. हो, टेक्नॉलॉजी वेपचीच आहे, मी लपवत नाही. पण आई वेपच्या बिझनेसवरून दोन वर्षं माझ्याशी नीट बोलत नव्हती, तेव्हा मला वाटलं की हेच हार्डवेअर चांगल्या कामाला लावावं. यात निकोटिन नाही. बाष्पाचे बारीक थेंब हवेतल्या धुळीला चिकटतात, ती जड होते आणि खाली बसते. असल्या द्रावाने जंतू मरतात हे जुन्या काळी हॉस्पिटलमध्येसुद्धा तपासून झालंय. आणि दिव्यामागे लेझरचा खरा सेन्सर आहे. खेळणं नाही.

अजून एक. प्रत्येक मशीनला आधी एकदा स्वच्छ हवा दाखवून सांगावं लागतं की हे शून्य, इथून मोज. ऑफिसमध्ये आमचा वली रोज तीस-तीस मशीन करतो. पण तुझं मशीन मी घरी नेलं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं फिल्टरच्या बंद पेटीत दोन तास ठेवून मी स्वतः झिरो सेट केलं. आतोबांसाठी आहे म्हणून.

किंमत अकराशे दिऱ्हम आहे, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपये. तुला गिफ्ट. तेवढं तरी चांगलं बोल ना.

तुझा,
नीरव


खलिफा सिटी
३ नोव्हेंबर २०२४

चि. नीरव,

चांगलं बोल म्हणालास म्हणून चार आठवडे थांबले. चांगलं सुचलं नाही.

तुझं यंत्र रोज संध्याकाळी सातला फवारा सुरू करतं. सात वाजून पाच मिनिटांनी दिवा लाल. फवारा नऊला बंद होतो आणि साडेनऊला दिवा हिरवा. मी वहीत रोज लिहून ठेवलंय, एकही दिवस चुकला नाही. स्वतःच धूर सोडायचा आणि स्वतःच बोंब मारायची, असं यंत्र मी नोकरीत असते तर साहेबांच्या टेबलावर ठेवून हसले असते. दिवाळीला शेजारचे आले होते, त्यांनाही दाखवलं. सगळ्यांची करमणूक झाली.

यांना त्या लाल उजेडात पडवत नाही. म्हणून मी त्यावर माझी मोठी टिकली चिकटवली आहे. पंचवीस हजारांच्या यंत्राला एका टिकलीने गप्प केलं, हे तुझ्या माहितीपत्रकात घाल.

बंद करते म्हटलं, तर हे म्हणतात, "राहू दे, नीरवला वाईट वाटेल." तुला वाईट वाटू नये म्हणून आमच्या घरात काय काय चालू राहतं बघ.

उर्मिला आत्या


दुबई मरीना
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

शेजाऱ्यांना दाखवायची काय गरज होती?

मी सगळा डेटा बघितला. आमची चारशे दहा मशीन घराघरात चालू आहेत. सगळी हिरवी. फवारा चालू असतानासुद्धा हिरवी. फक्त तुझं लाल. चारशे नऊ बरोबर आणि एक चूक, म्हणजे चूक कुठे आहे ते तूच सांग. मीच सेटिंगमध्ये माती खाल्ली असणार. वली हे काम रोज करतो, मी एकदाच केलं. उद्या ऑफिसचा ड्रायव्हर हमीद अबू धाबीला येतोय, त्याच्याबरोबर वलीने सेट केलेलं नवीन मशीन पाठवतो. जुनं त्याच्याकडे दे.

आणि आत्या, नवीन मशीन नीट चाललं, तर दोन ओळी लिहून देशील? "निवृत्त धूळतज्ज्ञ" म्हणून तुझं नाव टाकतो. लोक माझ्या स्लाइड्सवर विश्वास ठेवत नाहीत. तुझ्यावर ठेवतील.

नीरव


खलिफा सिटी
२२ डिसेंबर २०२४

चि. नीरव,

नवीन यंत्र सहा आठवडे बघितलं. वहीत सगळीकडे हिरवं. टिकली लावायची वेळच आली नाही. तुझ्या कारखान्यातून एक तरी डबा शहाणा निघतो हे मान्य करावं लागतंय, आणि ते लिहिताना माझा हात जड झालाय.

मागितलेल्या दोन ओळी सोबत आहेत: "आमच्या घरी रुग्णाच्या खोलीत हे यंत्र सहा आठवडे चालू आहे. हवेचं मोजमाप सातत्याने चांगलं आहे." खाली पूर्ण नाव आणि सही. एक शब्द वाढवू नकोस. 'क्रांतिकारी' तर नाहीच नाही.

यांचा खोकला मात्र वाढलाय. विचारलं तर म्हणतात मैदानावरची धूळ. मला आधीच शंका होती. खोलीत हवा हिरवी आहे म्हटल्यावर दोष बाहेरचाच असणार. दोन आठवडे झाले, मी मैदान बंद केलंय. शनिवारी पोरं गेटवर येऊन "अंकल, कमिंग?" विचारतात आणि मी त्यांना हाकलते. हे खोलीत बसून राहतात आणि माझ्याकडे बघतात. बघू देत. खोलीतली हवा चांगली आहे, तिथेच बसावं.

उर्मिला आत्या


दुबई मरीना
२९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

बाबांकडून कळलं आणि परवा हॉस्पिटलला धावत आलो. आयसीयूच्या बाहेर त्या खुर्चीवर तू पर्स मांडीवर धरून बसली होतीस आणि मी चहा आणला तो तू शेजारच्या बाईला दिलास. मला समजतं. पण मला काहीतरी सांग. डॉक्टर काय म्हणतात? आतोबा घरी कधी येणार? मी काही करू शकतो का?

तुला आनंद व्हावा म्हणून एक बातमी देतो. अल कुसैसमधल्या एका नर्सरीने आठ मशीन घेतली, प्रत्येक वर्गात एक. तुझी सही वाचून घेतली, असं त्यांनी स्वतः सांगितलं. अठरा फेब्रुवारीला बसवतोय. आतोबांना सांग.

नीरव


खलिफा सिटी
५ फेब्रुवारी २०२५

नीरव,

हे काल घरी आले. नाकात नळी आहे आणि कोपऱ्यात घरघरणारं यंत्र. कायमचं. ज्याची भीती होती तेच झालं, त्यामुळे आता घाबरायचं काही राहिलेलं नाही.

आयसीयूतल्या डॉक्टरने मला पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे? "घरात वेप कोण करतं?" आयुष्यात सुपारी न खाल्लेल्या माणसाच्या बायकोला. मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, आमच्याकडे हवा शुद्ध करायचं यंत्र आहे, रोज हिरवं असतं. तो म्हणाला, "त्यात काय भरता?" घरी येऊन डबा उघडला. तीच वात, तीच तार. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि नंतर दिव्याकडे बघून विसरले.

परवा दुपारी, हे हॉस्पिटलात असतानाच, टॅक्सी करून दुबईला तुझ्या ऑफिसला गेले होते. तू मीटिंगला होतास. तुझा वली फार अदबीचा माणूस, म्हसळ्याचा. दारातच त्याने धुपाटणं माझ्यासमोर फिरवलं. निखाऱ्यावर बखूरचे सुगंधी तुकडे, डोळ्यांत पाणी येईल एवढा धूर. म्हणाला, "या बाई, बसा. बखूर नसेल तर ऑफिस कसलं? गिऱ्हाईक आत आलं की पहिला वास गोड पाहिजे. रोज सकाळी नऊला सगळीकडे फिरवतो, बरकत असते."

त्याच्या मागे लांब टेबलावर तुझी यंत्रं मांडलेली. मी विचारलं, "आणि यांना शून्य कधी दाखवतोस?"

"त्याच टायमाला, बाई. सगळी एकदम, लायनीत. दहा मिनटं. खलास."

"आणि ती फिल्टरची पेटी?"

"ती नीरवभाईंच्या घरी हाय ना. आम्हाला कोणी दिली?"

कळलं का तुला? तुमच्या चारशे नऊ यंत्रांना तुम्ही धुराने भरलेली खोली दाखवून सांगितलंत की ही स्वच्छ हवा. ती बिचारी तेच खरं मानून बसली आहेत. त्यांना फवारा दिसतच नाही. दिसलं ते एकट्या पहिल्या यंत्राला, जे तू घरी बसून नीट केलं होतंस. तेच खरं बोलत होतं आणि तेच आपण परत पाठवलं. वलीला बोल लावू नकोस. पाहुण्याचं स्वागत करणं हा काही गुन्हा नाही. दोन तासांचं काम दहा मिनिटांत होतंय म्हणून खूश होऊन खुर्चीत बसणारा कोण होता?

आठच्या आठ यंत्रं नर्सरीत जाता कामा नयेत. घराघरातली परत बोलाव.

उर्मिला


दुबई मरीना
७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

पत्र तीनदा वाचलं. वलीला बखूर बंद करायला सांगितलंय. तो रडला.

तू म्हणतेस ते टेक्निकली बरोबर आहे. पण आत्या, जरा प्रॅक्टिकल विचार कर. झिरो आम्ही सॉफ्टवेअरने घरबसल्या बदलू शकतो, हळूहळू, टप्प्याटप्प्याने. फवाऱ्याची वेळ कमी करता येईल. एकदम चारशे यंत्रं परत मागवली तर कंपनी त्याच दिवशी संपते आणि माझ्या बावीस लोकांचे व्हिसासुद्धा. आतोबांची फुप्फुसं आधीपासून खराब होती, हे डॉक्टरही मान्य करतील. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही.

नर्सरीचं अठरा तारखेला आहे, तोवर मला वेळ दे. तोवर कुठे काही बोलू नकोस, प्लीज. आणि राग मानू नकोस, पण त्या ब्रोशरवर सही तुझीही आहे.

नीरव


खलिफा सिटी
९ फेब्रुवारी २०२५

नीरव,

माझी सही आहे, हे तू आठवण करून दिलंस ते बरं झालं. ती सही घेऊनच काल मी नर्सरीत फोन केला. तिथे सायरा नावाची शिक्षिका आहे, दापोलीची. तिच्याकडून कळलं की अठरा तारीख वगैरे काही नाही. यंत्रं तीन तारखेपासून चालू आहेत. मी तुला पाच तारखेला लिहिलं तेव्हा ती चालू होती, आणि सात तारखेला "वेळ दे" लिहिताना तुला ते माहीत होतं. अठरा तारीख तू फक्त माझ्यासाठी राखून ठेवली होतीस.

सायरा म्हणाली, "बाई, तुमचं नाव बघून मीच मॅनेजमेंटला हो म्हटलं. माझ्या वर्गात दोन पोरं दम्याचा पंप घेऊन येतात." तिने स्वतःच्या वर्गातलं तेव्हाच बंद केलं. बाकीचे सात वर्ग तिच्या हातात नाहीत. मॅनेजमेंट म्हणते, दिवे हिरवे आहेत, पालक खूश आहेत, अबू धाबीच्या कुठल्या आजीबाईंच्या फोनवर आम्ही काही काढणार नाही. कंपनीने लिहून द्यावं. बरोबर आहे त्यांचं. कंपनीच्या सांगण्यावरून मीही माझ्या माणसाच्या उशाशी ठेवलंच ना.

मी तुला नावं ठेवते, ती ठेवणारच. पण माझंही ऐक. दिवा लाल होता तेव्हा मी त्यावर टिकली चिकटवली. हिरवा झाला तेव्हा सही दिली. बावीस वर्षं धूळ मोजली म्हणून मिरवणारी बाई, आणि मला हवं ते दिसलं की मी वही मिटली. माणूस माझ्यासमोर खोकत होता आणि मी त्याला मैदानावरून ओढून त्याच खोलीत कोंडलं. तुझ्या वलीला निदान माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

तू घाबरट आहेस. लहानपणी फुलदाणी फोडलीस की तुकडे सोफ्याखाली सारायचास. आता एकतीस वर्षांचा झालास आणि सोफा तेवढा मोठा घेतलास.

उर्मिला


खलिफा सिटी
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय नीरव,

हे पत्र मी लिहितोय, मुरलीधर. आत्या डाळ भाजतेय, तोवर तिच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी टाइप करतो. तिला कळलं तर कळू दे.

मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सातला फवारा सुरू झाला की घशात काहीतरी गोडसर चिकटायचं आणि छाती आवळायची. नवीन यंत्र आल्यावरही तसंच. आत्या स्वयंपाकघरात गेली की मी खिडकी चार बोटं उघडायचो आणि ती यायच्या आत लावायचो. खोकला आला की मैदानावर ढकलायचो. तिने मैदान बंद केलं तेव्हाही बोललो नाही.

का, ते सांगतो. मी बोललो असतो तर तिने तुला उभा सोलला असता. तिला प्रत्येक पत्र लिहिण्याआधी तू मला फोन करून विचारायचास, "आतोबा, मूड कसा आहे?" डिसेंबरात तुझ्या दोन गिऱ्हाइकांनी खोकल्याची तक्रार केली, तीही तू मला सांगितलीस, तिला नाही. मी म्हटलं, बघू, हवा बदलते आहे, थंडी आहे. मला वाटलं मी तुला सांभाळतोय. तुला वाटलं तू मला खूश ठेवतोयस. आणि खरं काय ते विचारेल अशी एकच बाई या घरात होती, तर तिच्या जिभेला घाबरून आपण दोघांनी तिच्यापासूनच लपवलं. ती काल मला म्हणाली, "तुम्ही मला का नाही सांगितलंत?" ती पदराने डोळे पुसत होती. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, तिला असं मी पहिल्यांदा बघितलं. हे उत्तर तिला कधी द्यावं लागू नये असं मला वाटतं, म्हणून तुला देतोय.

कंपनीचं मला समजत नाही. बावीस लोकांचं मला वाईट वाटतं, मी स्वतः दोनदा व्हिसा गमावलाय. पण त्या सात वर्गांत पोरं बसली आहेत आणि त्यांना "छाती आवळते" हे शब्दसुद्धा येत नाहीत. ती फक्त खोकतील आणि कुणीतरी म्हणेल, थंडी आहे.

उद्या सकाळी शाळा भरायच्या आत स्वतः जा. हमीदला पाठवू नकोस. प्लग स्वतःच्या हाताने काढ, खरं काय झालं ते मॅनेजमेंटला लिहून दे आणि सायराबाईंना भेट. मग बाकीच्या चारशे घरांना लिही. त्यानंतर इथे ये आणि आत्या जे बोलेल ते उभं राहून ऐक. मी मधे पडणार नाही.

तुझ्याबरोबर मी आलो असतो रे. ही नळी दारापर्यंतच पोचते.

तुझे आतोबा